झाकण कोण उघडणार?

नवं घर बघायला येणारी माणसं छपराकडे बघतात, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे बघतात, सौर पॅनेलकडे बोट करून 'किती किलोवॅट?' असं विचारतात. फरशीवरून चवडा फिरवून 'कोटा का?' म्हणतात. एका पाहुणीनं तर ओट्याची उंची आपल्या कमरेशी ताडून बघितली आणि तो दोन बोटं जास्त असल्याचा निर्वाळा दिला. मग चहा होतो, गप्पा होतात, चहाचं पुढं व्हायचं ते होतं, माणूस आत जाऊन निश्चिंत मुद्रेनं बाहेर येतो. पण 'हे जातं कुठं?' असं आजवर एकानंही विचारलेलं नाही.

त्यांना दोष द्यावा तरी कसा? शहरातल्या माणसाचा या विषयाशी असलेला संबंध फ्लशच्या बटणापाशी संपतो. पुढचं महापालिका बघते. मालमत्ता कराच्या बिलात मलनिस्सारणाची एक ओळ असते. ती आपण न वाचता भरतो, आणि खरं म्हणजे ती न वाचण्याच्या सोयीचाच तो कर असतो.

आमच्या सड्यावर महापालिका नाही. कणकवली मागं टाकून डांबरी रस्ता संपला की खालची वाडी लागते. विजेचे खांब तिथवर, नळाचं पाणी तिथवर, रिक्षाही तिथवरच. पुढं घाटी चढायची. वर जांभ्याचं पठार, थोडी काजूची कलमं आणि आम्ही दोघं. वीज सूर्याची, पाणी घाटीच्या निम्म्यावर असलेल्या विहिरीचं. हे दोन प्रश्न सहज सुटले, कारण विजेबद्दल आणि पाण्याबद्दल बोलायला माणसं उत्सुक असतात. तिसरा प्रश्न काढला की समोरचा आधी इकडंतिकडं बघतो, मग हसतो, मग आवाज खाली आणतो. सल्ला मात्र प्रत्येकाकडे तयार असतो.

पहिला सल्ला मेस्त्रीचा. "काकानू, सेप्टिक टाकी बांधूया. एकदा झाकण घातलां काय पंधरा वर्सां बगूक नको."

"आणि पंधरा वर्षांनी?"

"मगे बगूया."

या 'मगे बगूया'वर निम्मा महाराष्ट्र उभा आहे. झाकण घालून विसरून जाण्याचा हा आनंद तसा मूळचा फ्रान्सचा. तिथल्या वेझूल गावच्या झाँ-लुई मुरा नावाच्या गृहस्थानं १८६० च्या सुमारास घराजवळ एक बंद हौद बांधला. डझनभर वर्षांनी तो उघडला तेव्हा आत गाळ भीती होती त्या मानानं फारच थोडा निघाला. गडी हरखला आणि १८८१ साली त्यानं पेटंट घेतलं. पुढं इंग्लंडात एक्झेटरच्या डोनाल्ड कॅमेरॉननं १८९५ च्या सुमारास याच कल्पनेला सेप्टिक टँक हे नाव दिलं. 'फारच थोडा' म्हणजे 'अजिबात नाही' नव्हे, ही बारीकशी गोष्ट मात्र जगभरच्या गवंड्यांपर्यंत पोचायची राहून गेली.

टाकीत घडतं ते साधं आहे. जड ते तळाशी बसतं, तेलकट ते वर तरंगतं, हवेवाचून जगणारे जिवाणू तळाचा ऐवज कुरतडत राहतात आणि मधलं पाणी बाहेर पडतं. ते पाणी दिसायला निवळ असलं तरी निर्मळ नसतं, म्हणून त्याच्यासाठी पुढं शोषखड्डा लागतोच. भारतीय मानकाप्रमाणं पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर खोल पाण्याची टाकी पुरते. आमच्याकडे मात्र टाकी जितकी मोठी तितकं झाकण उशिरा उघडायचं, असा समज. त्यामुळं खाली वाडीत अशाही टाक्या आहेत की वरच्या खोल्या त्यांच्यापुढं अडचणीच्या वाटाव्यात. पण गाळ निम्म्यापर्यंत आला की तो उपसावाच लागतो. दोन-तीन वर्षांनी म्हणा, फार तर पाच. आणि उपसणारी गाडी आमची घाटी चढणार नाही.

गाडी जिथं पोचत नाही तिथं काय होतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. कुणीतरी कुणाला तरी फोन करतो आणि दोन माणसं येतात. ती कुठल्या वस्तीतून येतात हेही ठाऊक असतं. बंद टाकीत साचलेला वायू एका श्वासात माणूस आडवा करतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं टाकीत उतरवणं हा गुन्हा ठरवला, तरी बातम्या येतच राहतात. बातमीत मरणाऱ्यांची नावं असतात, टाकी कुणाची होती ते शेवटच्या ओळीत असतं.

तेव्हापासून जो कुणी सल्ला देईल त्याला एकच प्रश्न विचारायचा, असं मी ठरवून टाकलं. झाकण कोण उघडणार?

दुसरा सल्ला पुण्याच्या भाच्याचा. तो इंजिनिअर असल्यामुळं त्याचा सल्ला पीडीएफमध्ये आला. बायोडायजेस्टर! संरक्षण संशोधन संस्थेनं म्हणजे डीआरडीओनं उंचावरच्या, बर्फातल्या जवानांसाठी तो तयार केला. रेल्वेच्या डब्यांखालीही त्याच तंत्राच्या टाक्या आल्या. "मामा, सियाचीनला चालतं ते तुमच्या सड्यावर नाही चालणार?" यावर काय बोलणार? देशभक्तीचाच प्रश्न आला. तंत्र चांगलं आहे. जिथं खाली सलग काळा कातळ आहे किंवा हातभर खणलं की पाणी लागतं, तिथं बंद टाकीला पर्याय नाही. पण त्यातले जिवाणू दिवसामासाला ठराविक खाणारे. त्यांच्यावर अॅसिड ओतायचं नाही, फिनेल सांडायचं नाही, टाकीतून निघालेल्या पाण्याची सोय पुन्हा आपणच करायची, आणि काही बिनसलं तर जाणकार माणूस शहरातून बोलवायचा. झाकणाचं विचारलं तर भाचा म्हणाला, "उघडावंच लागत नाही." मुराही तेच म्हणाला होता.

तिसरा सल्ला गोबरगॅसचा. संडासाला जोडलेला गॅस प्लँट ही काही आजची कल्पना नव्हे. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू काढून त्यावर दिवे पेटवले होते. देहूच्या सरकारी दवाखान्यात काम करणारे डॉ. एस. व्ही. मापुस्कर हे त्या वाटेवरचं मोठं नाव. जुलाब आणि जंत यांवर औषधं देऊन देऊन त्यांच्या ध्यानात आलं की दुखण्याचं मूळ परसाकडच्या वाटेवर आहे. मग घरोघरी संडास व्हावेत म्हणून त्यांनी आयुष्य वेचलं आणि 'मलप्रभा' नावाचा, संडासाला जोडलेला बायोगॅस प्लँट घडवला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्याच्या आसपासच्या लोकांना तुकोबांचं देहू ठाऊक असतं. हे दुसरं देहूही ठाऊक असायला हरकत नाही.

मी उत्साहानं हिशेब मांडला. एका माणसापासून दिवसाला साधारण एक घनफूट वायू मिळतो. आम्ही दोघं, म्हणजे दोन घनफूट. त्यात चहा होतो. दूध घातलं तर जरा घाई करावी लागते. भात शिजवायचा तर वाडीतल्या आठ-दहा जणांना रोज सकाळी वर बोलवावं लागेल, आणि ती मंडळी घाटी चढून आली म्हणजे त्यांना चहा द्यावा लागेल. गोठा असता तर गणित जमलं असतं, कारण चार माणसांना झेपणार नाही ते काम एक गाय आरामात करते. पण संडासासाठी गाय पाळावी, या प्रस्तावावर सौ.नं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं त्यानंतर मी कागद घडी करून ठेवला.

चौथा सल्ला एका निसर्गप्रेमी मित्राचा. पाण्याचा थेंब न वापरणारा कोरडा संडास. बसून झालं की मूठभर राख किंवा लाकडाचा भुसा टाकायचा. लडाखमध्ये असे संडास पिढ्यान्‌पिढ्या आहेत. माडीवरच्या खोलीत जमिनीला भोक, बाजूला मातीचा ढीग आणि फावडं. खाली साठलेलं खत उन्हाळ्यात जवाच्या शेतात जातं. तिथं झाकण कोण उघडणार हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण तिथल्या उजाड जमिनीत खताची वाट बघणारं शेत आधी असतं आणि संडास नंतर. मला हे फार आवडलं. पण लडाखची हवा हाडं वाळवणारी. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस. आषाढात काडेपेटी पेटत नाही, तिथं भुसा कोरडा ठेवायचा कुठं? शिवाय आपण पाण्यानं धुणारी जात. ते पाणी वेगळीकडे वळवायचं म्हणजे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आत जाण्यापूर्वी प्रात्यक्षिक द्यावं लागणार. "तुम्ही द्या," सौ. म्हणाली. "माझ्या माहेरच्यांना मात्र सांगू नका." तिच्या अटी सुरुवातीपासून मोजक्या होत्या. दिसायला पांढरं असावं, वास येऊ नये आणि जेवताना विषय नको.

उरला शेवटचा पर्याय, जो कुणीच सुचवला नव्हता, कारण त्यात कुणाला काही विकता येत नाही. दोन खड्ड्यांचा संडास.

सरकारी शौचालयांच्या फलकावर असतो तोच. भांड्यातून निघालेला पाइप एका छोट्या चेंबरमध्ये येतो, तिथं त्याला दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाट्यापुढं एकेक खड्डा. एका फाट्याच्या तोंडाशी वीट लावून ते बंद करायचं. दुसरा खड्डा भरेपर्यंत वापरायचा, मग वीट इकडची तिकडं. पाणी बाजूच्या मातीत मुरतं, वायू मातीतच जिरतो, म्हणून वर नळकांडं लागत नाही. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं नुसता पडून राहिला की आतले रोगजंतू मरतात. मग झाकण उघडायचं आणि खत फावड्यानं काढायचं. सुलभचे बिंदेश्वर पाठक यांनी सत्तरच्या दशकात बिहारमधून हाच नमुना देशभर नेला. २०१७ च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगदेवीपल्ली गावात केंद्र सरकारचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी हातांनी खत काढून दाखवलं. भारत सरकारचा सचिव खड्ड्यात उतरला आणि सरकार पडलं नाही, ही मला त्या वर्षातली मोठी घटना वाटते.

आणि हे सगळं शोधत मी दूर भटकत होतो, तेव्हा उत्तर कणकवलीतच होतं. अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना अप्पांनी मागणी केली होती ती भंगीकाम मिळावं म्हणून. तुरुंगाचा नियम असा की हे काम सवर्ण कैद्याला द्यायचं नाही. अप्पांनी अन्न कमी केलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी डिसेंबरात उपास सुरू केला, आणि सरकारला त्या मागणीपुढं नमतं घ्यावं लागलं. संडास साफ करायला मिळावा म्हणून उपाशी राहणारा माणूस आपल्याला भाबडा वाटू शकतो. पण त्यांनी धरलेला मुद्दा पक्का व्यवहारी होता. आपली घाण जोवर दुसरा उचलतो आहे, तोवर ती उचलायची चांगली रीत शोधण्याची गरज कुणाला भासणार? स्वतःला उचलायची म्हटल्यावर मात्र डोकं चालू लागतं. अप्पांचं चाललं. पुढं गोपुरीला त्यांनी संडासाचे आणि खताचे नमुने करून बघितले, त्यांचा धडा मापुस्करांनी देहूत गिरवला.

निर्णय झाला, तरी जमिनीला विचारायचं राहिलं होतं. मेस्त्रीनं पहारीनं फूटभर रुंदीचा खड्डा मारला. तळाला थोडी खडी पसरली. रात्रभर त्यात पाणी भरून ठेवलं, म्हणजे जमिनीची वरवरची तहान भागते आणि ती खरं बोलते. सकाळी पुन्हा पाणी ओतलं. खड्ड्यावर आडवी काठी, काठीवरून खाली सोडलेली माझी शाळेतली स्टीलची पट्टी आणि मेस्त्रीच्या मोबाइलवरचं घड्याळ. पंचवीस मिलिमीटर पाणी उतरायला किती मिनिटं लागतात, ते बघायचं. काळ्या चिकणमातीत असं बघत बसलं तर डबा खाऊन होतो. आमच्या जांभ्यानं मात्र पट्टीवर नजर ठरेपर्यंत पाणी गिळलं. मेस्त्री खूश. "बगलात? कदी भरूचा नाय!"

मला घाटीच्या निम्म्यावरची विहीर दिसत होती. जांभा भोकाभोकांचा. तो पाणी पितो तितक्याच तत्परतेनं पुढं सोडतोही. शोषखड्डा विहिरीपासून निदान अठरा मीटर दूर हवा, असं मानक सांगतं, आणि खडकात भेगा असतील तर त्याहून दूर बरा. म्हणून खड्ड्यांची जागा घराच्या पलीकडच्या अंगाला, विहिरीच्या पार उलट उताराला नेली. तळ पक्का केला आणि भोवती अर्धा मीटर जाडीचा बारीक वाळूचा थर दिला, म्हणजे पाणी घाईनं न निसटता गाळून जाईल. चिरे मात्र मुद्दाम फटी ठेवून रचायचे होते. यानं मेस्त्री खरोखर दुखावला. उभ्या आयुष्यात सांधा दिसू न देणाऱ्या माणसाला जाळीदार बांधकाम करायला सांगणं म्हणजे त्याच्या हाताचा अपमान. "लोक काय म्हणतले?" तो म्हणाला. वरून मातीनं झाकल्यावर लोकांना दिसणार नाही, या आश्वासनावर तो तयार झाला.

मेस्त्रीची दुसरी शंका अधिक गंभीर होती. "चवतीक काय करतलात?" गणपतीत. आमच्या भावकीचा गणपती खालच्या जुन्या घरात असतो, पण नवं घर बघायला सगळे वर येणार, हे उघड होतं. म्हणजे वर्षभर दोघांचा संसार आणि ऐन भाद्रपदात, जमीन पावसानं तट्ट भरलेली असताना, जत्रा. सेप्टिक टाकीत पाणी निदान दिवसभर थांबलं तर गाळ खाली बसतो. गर्दीत ते थांबत नाही, सगळंच पुढं ढकललं जातं. खड्ड्याचा हिशेब मात्र वर्षांचा असल्यामुळं तो पाच दिवसांची गर्दी सोसून नेतो. शिवाय आमचा सडा उंच, पाण्याची पातळी पावसातही खड्ड्याच्या तळापासून चांगली खाली. तरी भांडं मी उभ्या उताराचं ग्रामीणच घेतलं. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. आमच्या गुडघ्यांसाठी आत एक कमोड बसवला, पण त्याला फ्लशची टाकी नाही, शेजारी बादली. पाणी घाटीच्या निम्म्यावरून वर चढवायला सूर्याला किती कष्ट पडतात ते रोज दिसत असल्यावर हात आपोआप आखडतो.

न्हाणीचं आणि मोरीचं पाणी खड्ड्यात घालायचं नाही. त्याचं शास्त्र आमच्या आजीला पुस्तकाशिवाय येत होतं. न्हाणीच्या मागं अळू, मोरीच्या तोंडाशी केळ. हल्ली त्यात कर्दळ आणि खडीचा थर घालून नकाशा काढतात, इतकंच. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारं बंद केली आणि डासांचा मुक्काम हलवला, तेही याच साध्या सूत्रावर. साबण जरा बेतानं वापरला तर केळ तक्रार करत नाही. अळवाचं फतफतं कुठल्या पाण्यावर वाढलं हे पाहुण्यांना सांगायचं नाही, ही सौ.ची जादा अट मी मान्य केली आहे.

काम चालू असताना वाडीतल्या एकानं सरकारी योजनेत बांधलेल्या खड्ड्याचं झाकण मला उघडून दाखवलं. दोन वर्षं बंद असलेला खड्डा. बघायला पोरंही जमली होती, नाकाला रुमाल लावून. फरशी सरकवली, आणि एकेकाचा रुमाल खाली आला. आत काळपट, भुसभुशीत, चहाच्या वाळलेल्या चोथ्यासारखं काहीतरी. वास पहिल्या पावसातल्या परसाचा. त्यानं मूठभर उचलून माझ्या हातावर ठेवलं. नको म्हणायला तोंड उघडेपर्यंत ते हातात आलंही होतं. एका पोरानं विचारलं, "ह्यां तांच काय?" तो म्हणाला, "तांच." पोरगा बराच वेळ विचारात पडला होता.

आता आमच्याकडे पहिला खड्डा चालू आहे. चेंबरमधल्या विटेची बाजू आणि तारीख मी कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवली आहे, आणि फोनवर मुलालाही कळवली. तो थोडा वेळ गप्प होता.

"बाबा, खड्डा भरायला किती वर्षं?"

"दोघांच्या मानानं केला असता तर लवकर भरला असता. चवथ धरून केलाय. चार-पाच तरी."

"मग पुढं दोन वर्षं बंद. म्हणजे उघडायचं कोणी?"

जगातल्या सगळ्या सल्लागारांना विचारून झालेला प्रश्न शेवटी घरातूनच आला. मी म्हटलं, "घर तुझ्या नावावर होणारच आहे. सातबाऱ्यावर खड्डे लिहीत नाहीत, पण वारसाहक्कात ते येतात."

"आणि त्या खताचं काय करायचं?"

"मागं हापूसची दोन कलमं लावलीत."

"त्याचे आंबे तुम्ही खाणार?"

"आम्ही कुठले? पहिली पेटी पुण्याला, तुझ्याच पत्त्यावर."